येवढंसं किटाणू मरत नाही अन येवढालं गिधाड मेलं, असं कसं?

मागच्या दिवाळीनंतर आमच्या काकाजींच्या पायात पऱ्हाटीचं खुट घुसलं. कापसाच्या वावरात हे होतच असतं, पण काकाजींना शुगर, त्यात बिनचपलेचं हिंडायची सवय, आणि डॉक्टरकडे जायचं म्हणजे तालुक्याला अर्धा दिवस मोडतो म्हणून गावातल्या मेडिकलमधून दोन दिवसाच्या गोळ्या आणल्या. ठणका कमी झाला, गोळ्या बंद. पुन्हा ठणकलं, पुन्हा दोन दिवसाच्या गोळ्या, यावेळी दुसऱ्या रंगाच्या. असं तीन-चारदा झालं. महिन्याभराने पाय सुजून टरारला तेव्हा गाडी करून नागपूरला नेलं आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात एक कागद आला.

कल्चरचा रिपोर्ट. डावीकडे चौदा औषधांची नावं, उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे या औषधाने जंतू मरतो, आर म्हणजे मरत नाही. अकरा आर होते. मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, हे सगळं फळ्यावर शंभरदा लिहिलंय, पण घरच्या माणसाच्या नावाखाली आर, आर, आर असं बोट खाली नेत वाचताना घसा कोरडा पडला. उरलेल्या तीन औषधांपैकी एक इंजेक्शन चालू केलं, करंगळी काढावी लागली, पाय वाचला.

घरी आल्यावर काकाजी बाजेवर पडल्या पडल्या विचारतात, "काऊन रे बावा, तू म्हंतं गिधाडं ढोराच्या इंजेक्शनानं मेले. अन हे येवढंसं किटाणू, डोयाले दिसत नाही, ते अकरा औषधाले भीत नाही. उलटंच हाय न मंग!"

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोललो. पण प्रश्न इतका बरोबर होता की डोक्यातून गेला नाही. दोघांवरही माणसानं औषध टाकलं, एक जात जवळपास संपली आणि दुसरी मातली. नियम मात्र दोघांना एकच आहे. तोच सांगायचा प्रयत्न करतो.

आधी तो आर कुठून येतो ते बघा

लॅबमध्ये काय करतात, तर जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतात आणि जेलीसारखा थर असलेल्या काचेच्या ताटलीत वाढवतात. त्यातले जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, दुसऱ्या ताटलीत सगळीकडे सारखे पसरवून वर टिकलीएवढ्या कागदाच्या चकत्या ठेवतात, प्रत्येक चकतीत एक एक अँटिबायोटिक. अँटिबायोटिक म्हणजे जिवाणू मारणारं किंवा त्यांची वाढ थांबवणारं औषध. ताटली रात्रभर उबेत ठेवली की सकाळी जिवाणूंची साय धरलेली असते, आणि जी चकती काम करते तिच्याभोवती स्वच्छ गोल घेरा दिसतो, अंगणात सडा टाकल्यावर ओलं वर्तुळ दिसतं तसा. जी काम करत नाही तिच्या अगदी कडेपर्यंत साय चढलेली. तोच आर. रेझिस्टन्स म्हणतात त्याला, म्हणजे ज्या औषधाने मरायला पाहिजे त्याने न मरणं. पुढे हाच शब्द वापरतो.

सवय कोणाला लागते?

आपल्याकडे सर्रास म्हणतात की "त्याच्या अंगाला औषधाची सवय झाली, आता लागू पडत नाही." अंगाला काही झालेलं नसतं. रेझिस्टन्स जिवाणूला येतो, माणसाला येत नाही. म्हणून तर आयुष्यात एकही गोळी न खाल्लेल्या माणसाला सुद्धा दुसऱ्याकडून असा तयार झालेला जंतू लागू शकतो, आणि मग त्याच्याही रिपोर्टवर आर.

बरं, एकटा जिवाणू पण औषध चाखून चाखून शिकत नाही. तो शाळेत जात नाही. मग होतं काय?

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्या बाया बघा. धानात एक गवत येतं, रोपं लहान असताना जवळपास धानासारखंच दिसणारं. बाई वाकून भराभर उपटत जाते, जे वेगळं दिसतं ते हातात येतं. जे धानासारखं दिसतं ते सुटतं. सुटलं ते पुढे निसवतं, बी झाडतं, पुढच्या वर्षी त्याचीच पिल्लावळ. असं पिढ्यानपिढ्या झालं की बांधीत उरलेलं गवत जास्त जास्त धानासारखं दिसायला लागतं. गवतानं काही ठरवलं नाही आणि बाईनं तर मुळीच नाही, उलट ती ते संपवायलाच निघाली होती. पण तिच्या हातानेच निवड झाली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात आणि ही निवड साचत साचत जातीचं रूप बदलणं म्हणजे उत्क्रांती. माकडाचा माणूस झाला वगैरे जे डोक्यात बसलंय ते जरा बाजूला ठेवा, उत्क्रांती काकाजींच्या करंगळीत महिन्याभरात झाली.

दोन दिवसाची गोळी म्हणजे अर्धवट निंदण. ज्या जंतूंना औषध लगेच लागू पडतं ते पहिल्या झटक्यात गेले, ठणका कमी झाला, आपण खूश. थोडेफार दम धरणारे राहिले, आणि आता त्यांना जागा मोकळी, खायला पोटभर, शेजारी कोणी नाही.

हिशोब मांडा, मग अंगावर काटा येतो

पोटात राहणारा ई कोलाय नावाचा जिवाणू घ्या. खाणं भरपूर आणि ऊब असेल तर तो दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतो. तासात ८, दोन तासात ६४. रात्री ८ वाजता एक सोडला तर सकाळी ६ वाजता किती? १०७ कोटींच्या वर. अंगात एवढी मोकळीक मिळत नाही, तिथं वेग कमी असतो, पण हिशोबाची जात हीच.

आता दोन होताना त्याला आपली पोथी, म्हणजे डीएनए, उतरवून काढावी लागते. ई कोलायची पोथी साधारण ४६ लाख अक्षरांची आहे. इतकं उतरवताना चूक होणारच, आपल्याकडे सातबारावर एक नाव चढवताना 'पांडुरंग'चा 'पाडुरंग' होतो आणि मग वर्षभर चकरा. जिवाणू आपल्या माणसांपेक्षा फार बरा आहे, त्याची साधारण हजार नकलांमध्ये एखादी चूक होते. या चुकीलाच म्युटेशन म्हणतात. पण १०७ कोटी नकला केल्या की हजारात एक धरूनही दहा लाखांच्या वर चुका झाल्या! बहुतेक बिनकामाच्या, काही जिवावर बेतणाऱ्या, आणि एखादी अशी की नेमकं ते औषध आत आलं की बाहेर फेकणारा पंप जास्त चालायला लागतो, किंवा औषध ज्या कुलपाला लागतं ते कुलूपच जरा वाकडं होतं. औषध नसताना ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. औषध आलं की तोच एकटा वाचतो.

हे डोळ्यांनी पाहायचं तर २०१६ साली अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी चार फूट लांबीचा एक ट्रे केला होता. त्यात दोन्ही टोकांना औषध नाही आणि मधे जाता जाता औषध दहापट, शंभरपट, हजारपट. दोन्ही टोकांना ई कोलाय सोडले. ते वाढत औषधाच्या पहिल्या पट्ट्याशी येऊन थांबले, भिंत लागल्यासारखे. मग एका जागेवरून एक पांढरा कोंब पुढे घुसला आणि पंख्यासारखा पसरला. पुन्हा थांबले, पुन्हा एक कोंब. साधारण अकरा-बारा दिवसात ते हजारपटीच्या पट्ट्यात पोचले. व्हिडिओ आहे त्याचा, मी दर वर्षी वर्गात दाखवतो, मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात.

आणि वरून चिठ्ठ्या

इथपर्यंत म्हटलं तर ठीक, चूक झाली, नशीब लागलं. पण जिवाणूंकडे एक दुसरीच भानगड आहे. त्यांच्या मुख्य पोथीशिवाय छोट्या गोल चिठ्ठ्या असतात, प्लाझमिड नाव आहे, आणि या चिठ्ठ्या ते एकमेकांना देतात. आपल्याच जातीच्याला द्यायच्या असंही नाही, भलत्याच जातीच्या शेजाऱ्याला सुद्धा. बारावीच्या पेपरला सुपरव्हिजन करणाऱ्या माणसाला ही उपमा वेगळी समजवावी लागत नाही. एकाने अभ्यास केला, चिठ्ठी अख्ख्या हॉलभर फिरली. त्यात एकेका चिठ्ठीवर चार-चार पेपरची उत्तरं, म्हणजे एका औषधाचा मारा केला तरी चारही औषधांचा रेझिस्टन्स सोबत वाढतो.

आपल्या देशाचं नाव लागलेली एक चिठ्ठी जगभर गाजली. २००८ साली स्वीडनमध्ये एका पेशंटमध्ये सापडली, तो भारतात उपचार घेऊन गेला होता, आणि शास्त्रज्ञांनी तिच्यावरच्या जनुकाला, म्हणजे पोथीतल्या एका ओळीला म्हणा, नाव दिलं एनडीएम-१, म्हणजे न्यू दिल्लीवरून. पुढे २०१० मध्ये आपल्याकडे त्या नावावरून मोठा गदारोळ झाला, देशाची बदनामी म्हणून. नावावर जेवढं भांडलो तेवढं नाल्यांवर आणि दवाखान्यांवर भांडलो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. हा जनुक जिवाणूला एक कातर बनवून देतो, जी दवाखान्यात शेवटी शेवटी काढतात ती मेरोपेनेमसारखी इंजेक्शनं सुद्धा कापून टाकते.

मग गिधाडानं काऊन नाही केलं?

आता काकाजींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात वर घिरट्या सुरू व्हायच्या, आणि दुपारपर्यंत फक्त सांगाडा. नव्वदच्या दशकात ती गायब व्हायला लागली. आधी वाटलं रोग आला, कोणी म्हणे झाडं तोडली म्हणून. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना कारण सापडलं, डायक्लोफिनॅक. आपण कंबरदुखीला घेतो तेच. ढोर लंगडलं, ताप आला की ते टोचायचे, ढोर तरीही मेलं तर अंगात औषध राहायचं, आणि ते मांस खाल्लं की गिधाडाची किडनी बंद. युरिक अ‍ॅसिड साचून आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर. शंभरात एकापेक्षा कमी मेलेल्या ढोरात औषध असलं तरी गिधाडांची जात संपायला पुरेसं होतं, कारण एका ढोरावर पन्नास-पन्नास बसतात. भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची मोजणी झाली तर १९९२ ते २००७ या काळात हजारी एकच उरलं होतं.

आता जिवाणूच्या हिशोबाशेजारी गिधाडाचा हिशोब ठेवा. अंडी घालायच्या वयाला यायला साधारण पाच वर्षं. मग वर्षाला अंडं एक. ते फुटलं, माकडानं नेलं, पिल्लू पडलं, की गेलं वर्ष. देशात लाखो गिधाडं होती खरी, पण जिवाणूच्या पुढे लाख म्हणजे काय, तेवढे जिवाणू मोहरीच्या दाण्यावर मावतील. डायक्लोफिनॅक पचवू शकणारं एखादं गिधाड निघायला कदाचित काही हजार पिढ्या लागल्या असत्या, मिळाल्या जेमतेम तीन. निंदणाचा नियम इथेही लागूच होता, फक्त बांधीत धानासारखं दिसणारं गवतच नव्हतं, सगळंच उपटलं गेलं.

आणि चिठ्ठी पण नाही. गिधाड शेजारच्या गिधाडाकडून जनुक मागून घेऊ शकत नाही, कावळ्याकडून तर सोडाच.

म्हणजे संपणं आणि सुधरणं ठरतं तीन-चार गोष्टींवर, किती जण आहेत, पिढी किती लवकर बदलते, त्यांच्यात आपसात वेगळेपणा किती आहे आणि मार किती अचानक बसला. मोठं अंग, उशिरा तारुण्य, एक अंडं, हे असे प्राणी हळू बदलणाऱ्या जगासाठी बनलेत. माळढोक बघा, वरोऱ्याकडे एकेकाळी दिसायचा, तो पण जमिनीवर एकच अंडं घालतो, आणि आता देशभरात मिळून दीडशेच्या आत राहिलेत. त्याच्यासमोर विजेच्या तारा आल्या. तारांना रेझिस्टन्स कसा येणार?

मधली गोष्ट, जी आपल्याला सगळ्यात चांगली माहीत आहे

गिधाड एका टोकाला, जंतू दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध गुलाबी बोंडअळी. विदर्भात उत्क्रांती शिकवायला मी हल्ली पुस्तक उघडतच नाही, बोंड फोडतो.

बीटी कापूस देशात २००२ ला आला, दोन जनुकांवाला २००६ ला. बीटी हे मुळात मातीतल्या एका जिवाणूचं नाव, त्याचं विषारी प्रोटीन बनवायचं जनुक पऱ्हाटीत टाकलं, अळीनं पान-बोंड खाल्लं की तिच्या आतड्यात ते प्रोटीन चिकटून भोकं पाडतं. सुरुवातीची वर्षं काय झकास गेली, आठवा. मग गुजरातेत एक जनुकवाल्यावर गुलाबी अळी जगली, नंतर दोन जनुकवाल्यावर पण, आणि २०१७ ला आपल्याकडे बोंडं फोडली की आत गुलाबी किडा आणि कवडी कापूस. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० पेक्षा जास्त माणसं गेली.

आता बियाण्याच्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट यायचं, १२० ग्रॅमचं, बिनबीटीचं. चारही धुऱ्यांनी, म्हणजे वावराच्या कडेकडेनं, लावा म्हणायचे. आमच्याकडे कोणी लावलं? काकाजींनी तर ते ढोराच्या सरकीत टाकलं, आणि मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो तरी मलाही कोणी समजावलं नव्हतं की ते कशासाठी. लोकांना वाटायचं कंपनीनं वजन भरायला रद्दी बियाणं दिलंय. ज्या कामासाठी ते होतं ते फारच हुशारीचं होतं. समजा बीटीच्या वावरात लाखातून एक अळी जगली, तिचा पतंग झाला. तिला जोडीदार कोण मिळणार? धुऱ्यावर बिनबीटीच्या झाडांवर साध्या अळ्या आरामात जगल्या असत्या, त्यांचे हजारो पतंग उडाले असते, आणि त्या एका रेझिस्टंट पतंगाची गाठ बहुतेक साध्याशीच पडली असती. त्यांची पिल्लं अर्धी-अर्धी, आणि ती बीटी खाऊन मरतात, कारण हा रेझिस्टन्स आई आणि बाप दोघांकडून आला तरच नीट चालतो. धुऱ्यावरच्या साध्या अळ्या आपल्यासाठी राखण करत होत्या म्हणा ना. धुरा रिकामा ठेवला, तर जगलेल्याला जगलेलाच भेटला.

मजा अशी की हिरवी बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटर खाते, तिला आपल्या तुरीच्या ओळींनी आपोआप धुरा मिळाला, आणि तिच्यात रेझिस्टन्स इतका न वाढण्याचं हे एक कारण मानतात. गुलाबी जवळपास फक्त कापसावर. त्यात आपण फरदड घेतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी, म्हणजे अळीला अजून एक-दोन पिढ्या फुकट.

आणि हीच अळी, हेच बीटी, अमेरिकेत २०१८ साली त्यांनी गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे बीटीसोबत नपुंसक केलेले पतंग विमानातून कोट्यवधींनी सोडले, म्हणजे जगलेल्या एखाद्या मादीला नर मिळाला तरी अंडी वांझ. कीड संपू शकते. पण एकाच हत्याराने, सगळीकडे, वर्षानुवर्षं मारत बसलं तर ती संपत नाही, निवडली जाते.

"जे कमजोर ते जातात, निसर्गाचा नियमच आहे, मग रडायचं कशाला?"

हे पानठेल्यावर हमखास ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. पृथ्वीवर आजवर झालेल्या जातींपैकी ९९ टक्क्यांच्या वर संपल्यात. आपली कापसाची काळी माती ज्या लाव्ह्याच्या खडकापासून झाली तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहत होता, त्याच सुमारास मेक्सिकोजवळ मोठा दगड आकाशातून पडला आणि डायनासोर गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडंच काय, दगड झालेलं शेण पण सापडतं. त्यांचंही कोणी ऐकलं नाही.

पण गिधाड कमजोर होतं म्हणणं पटत नाही. ज्या सडक्या मांसाने आपण दोन दिवसात जाऊ ते त्याच्या पोटातलं आम्ल पचवून टाकतं, जंतूंसकट. एवढा दांडगा पक्षी एका पेनकिलरने गेला कारण ते औषध त्याच्या लाखो वर्षांच्या अनुभवात कुठेच नव्हतं. आणि गेला तर बिल आपल्याला आलं. मेलेली ढोरं पडून राहिली, मोकाट कुत्री वाढली, पाणी नासलं. २०२४ मध्ये छापून आलेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २००५ या पाच वर्षांत गिधाडं नसल्यामुळे देशात सुमारे ५ लाख जास्तीचे मृत्यू झाले. म्हणजे जंतू खाणारा गेला, जंतू राहिले.

"शास्त्रज्ञ नवीन औषध काढतीलच की"

काढतात, पण वेग बघा. आपली बरीचशी अँटिबायोटिक्स मुळात मातीतल्या जीवांची आहेत, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतल्याच जिवाणूपासून मिळालं. म्हणजे हत्यार आपण उसनं घेतलंय, आणि ढाल तेवढीच जुनी आहे, तीस हजार वर्षं गोठलेल्या जमिनीत सुद्धा रेझिस्टन्सचे जनुक सापडलेत. सोपी औषधं १९४० ते ६० मध्ये सापडून गेली. नवीन काढायला दहा-पंधरा वर्षं, आणि काढलं की डॉक्टर म्हणणार शेवटच्या पेशंटसाठी राखून ठेवा, मग कंपनीचा धंदा कसा होणार? बीपीची गोळी जन्मभर घ्यावी लागते, अँटिबायोटिक आठवडाभर. कंपन्या कुठे पैसा घालतील ते सांगायची गरज नाही.

राखून ठेवलेल्याची पण गंमत. कोलिस्टिन नावाचं जुनं औषध किडनीला त्रास देतं म्हणून बाजूला पडलं होतं, दुसरं काही चालेना तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा काढलं. आणि तेच औषध जगभर कोंबड्या-डुकरांना खाद्यातून देणं चालू होतं, वजन वाढावं म्हणून! २०१५ मध्ये चीनमध्ये त्याच्याही रेझिस्टन्सची चिठ्ठी सापडली. आपल्याकडे २०१९ ला जनावरांसाठी बंदी आली.

पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग १९४५ मध्ये नोबेल घेताना बोलून गेला होता की कमी डोस घेतला तर जंतू मरायच्या ऐवजी तयार होतील. औषध बाजारात येऊन पुरती पाच वर्षं झाली नव्हती तेव्हा. २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख माणसं थेट रेझिस्टंट जंतूंमुळे गेल्याचा अंदाज आहे.

"म्हणजे गोळी घ्यायचीच नाही का?"

असं कोणी म्हटलं! काकाजींना इंजेक्शन दिलं नसतं तर पाय गेला असता, कदाचित काकाजीच. गोष्ट एवढीच की सर्दी, साधा खोकला, बहुतेक ताप हे व्हायरसचे असतात आणि अँटिबायोटिक व्हायरसला मारत नाही. मग ती गोळी पोटात जाऊन करते काय, तर आतड्यातल्या आपल्या चांगल्या जिवाणूंवर निंदण फिरवते, ज्यांनी काही बिघडवलं नव्हतं, आणि रेझिस्टंट असलेल्यांना जागा करून देते.

"कोर्स पूर्ण करा" हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातही जरा खोलात जायला पाहिजे. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं असं नाही, बऱ्याच आजारात आता पूर्वीपेक्षा लहान कोर्स पुरतात असं दिसलंय. किती दिवस ते डॉक्टर आजार बघून ठरवतो, आपण ठणका बघून ठरवायचं नाही, आणि मेडिकलवाल्यानेही नाही. टीबीचं मात्र अजिबात कमी-जास्त नाही. टीबीत सुरुवातीला चार औषधं एकदम का देतात, तर एका औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखात एक, दुसऱ्याला न जुमानणारा दहा कोटीत एक, पण दोन्हींना एकदम न जुमानणारा म्हणजे दहा लाख गुणिले दहा कोटी, कोटी कोटीत एक. फुफ्फुसात एवढे जंतूच नसतात. म्हणून तो असणारच नाही, जोवर पेशंट सगळ्या गोळ्या सोबत घेतो तोवर. मधेच सोडल्या, एखादी टाळली, की भिंतीतली एक वीट काढली. साधा टीबी बऱ्याचदा सहा महिन्यात बरा होतो, बिघडलेल्याचे हाल बघवत नाहीत.

"गावातल्या एका माणसाने ऐकून काय फरक पडतो?"

जंतूंच्या बाबतीत पडतो, कारण तुमच्या घरात तयार झालेला जंतू आधी तुमच्या घरच्यांनाच लागतो. गोळीच्या पत्त्यावर, म्हणजे पट्टीवर, डावीकडे उभी लाल रेघ असते, २०१६ पासून सरकार सांगतंय की ती असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. अँटिबायोटिकच्या पत्त्यावर ती दिसेल. घरी उरलेला अर्धा पत्ता शेजारणीच्या पोराला देऊ नका, दिलदारी दाखवायला दुसऱ्या जागा आहेत.

गिधाडांचं काम हळू आहे. ढोरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ ला बंदी आली, पण माणसांच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचणं चालूच राहिलं म्हणून २०१५ मध्ये माणसांची बाटली ३ मिलीचीच करायचा नियम झाला, आणि २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही तसलीच दुखण्याची औषधं पण ढोरांसाठी बंद केली. गडचिरोलीत वन विभागानं गिधाडांसाठी, अंगात असलं औषध नसलेली मेलेली ढोरं टाकायच्या जागा केल्या, आणि २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आणून ताडोबा-पेंचमध्ये ठेवली. पण अंडं वर्षाला एकच, ते कोणत्याही योजनेनं दोन होत नाही.

काकाजींना हे सगळं तुकड्या-तुकड्यात सांगून झालं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं की मग आपल्या ढोराले कोणतं टोचावं. मी म्हटलं मेलोक्सिकॅम, गिधाडाला चालतं ते. परवा बैल लंगडत होता तर ढोराचा डॉक्टर आला. काकाजी काठी टेकत गोठ्यात गेले, डॉक्टरच्या हातातली बाटली घेतली आणि मला दिली, "वाच बरं कायचं हाय." मेलोक्सिकॅमच होतं. डॉक्टर माझ्याकडे आणि काकाजींकडे आळीपाळीनं बघत राहिला, मग म्हणाला, "काकाजी, आता तुम्हीच टोचता का?"